तिसरं फंक्शन

रोशन,

तू गेल्याचं त्या लोकांना मला इंग्रजीतून कळवावं लागलं. त्यांच्यातल्या कुणी तुला कधी पाहिलेलं नव्हतं. तुझं नाव, तुझे ईमेल आणि तू लिहिलेला कोड, एवढीच त्यांना तुझी ओळख. साकोलीच्या घरी सकाळचं सगळं आवरून मी लॅपटॉपपुढे बसले आणि दुपार झाली तरी चार ओळी जमेनात. 'आमचा सहकारी' असं लिहिलं, खोडलं. 'माझा मित्र' लिहिलं, तेही कुठंतरी कमी पडलं. शेवटी एवढंच कळवलं की सर्टिफिकेटच्या नव्या फंक्शनांचा प्रस्ताव मांडणारा रोशन आता नाही, आणि प्रस्तावावरच्या शंकांना इथून पुढे मी उत्तरं देईन. पाठवून दिलं आणि मग जाणवलं की त्या मजकुरात तू कुठंच नाहीस.

म्हणून हे तुझ्याशी. आपल्या बोलीत नाही, तरी आपल्या भाषेत. माझी बोली जवाहरनगरच्या क्वार्टरांनी आणि तिथल्या शाळेनं घालवली असं तू नेहमी म्हणायचास. असू दे. तू गेल्यानंतर जे झालं ते तुला सांगायचं आहे, आणि त्यातली एक गोष्ट मी बरोबर केली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात तुझ्या चिडण्यातून झाली होती. भंडाऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आपण गावोगावच्या सेवा केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. केंद्रातून लोकांचे कागद तालुक्याला जायचे. कागद खरंच त्याच केंद्रातून आला आहे हे कळावं म्हणून प्रत्येक केंद्राच्या कॉम्प्युटरला एक सर्टिफिकेट दिलेलं होतं. त्या यंत्राचं ओळखपत्रच म्हण. पवनी तालुक्यातल्या एका केंद्राचा कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्ती करणाऱ्यानं शेजारच्या केंद्राची हार्ड डिस्क जशीच्या तशी त्यावर उतरवली, ओळखपत्रासकट. झालं, एका गावचे कागद दुसऱ्या गावच्या नावानं तालुक्याला पोचायला लागले. एका विधवा बाईचा वारसनोंदीचा अर्ज भलत्याच गावाच्या फाइलीत जाऊन पडला आणि ती बिचारी चकरा मारत राहिली. लबाडी कुणी केली नव्हती. आपल्या प्रोग्रामला दोन यंत्रं वेगळी ओळखता आली नाहीत, एवढंच.

ओळखायचं म्हटलं तर आपण ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचो तिच्यात सोयच नव्हती. दरवेळी बाहेरचा एक वेगळा प्रोग्राम चालवायचा, तो काय छापतो ते वाचायचं आणि अंदाज बांधायचा. जुन्या कॉम्प्युटरवर तो एक छापायचा, नव्यावर दुसरंच. तू दोन दिवस त्याच्याशी झगडलास आणि मग खुर्ची मागे सरकवून म्हणालास, "हे भाषेतच पाहिजे, शुभांगी."

आता भाषा कोण बदलणार, असं मी म्हटलं. तू म्हणालास, ती काय कोणाच्या मालकीची आहे, खुली भाषा आहे, जगभरची माणसं मिळून लिहितात, कोणीही प्रस्ताव मांडू शकतो, त्यावर मेलिंग लिस्टवर, सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलमधून, चर्चा होते आणि मग मतदान. हे मलाही माहीत होतं. पण भंडाऱ्याच्या बसस्टँडामागच्या खोलीतून कुणी ते करेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तुझ्या आलं.

त्या दिवाळीत तू आमच्या क्वार्टरवर फराळाला आलास तेव्हा बाबांनी विचारलं होतं, तुम्ही दोघं नेमकं करता काय. मी काहीतरी गोल गोल सांगायला लागले. तू मला थांबवलंस आणि बाबांचा फॅक्टरीचा गेटपास मागितलास. गेटवरचा माणूस यात काय पाहतो, असं विचारलंस. बाबा म्हणाले फोटो. फोटो दुसऱ्यानं चिकटवला असला तर? मग सही पाहतो, शिक्का पाहतो. सही खरी आहे हे त्याला कसं कळतं? बाबा म्हणाले, साहेबांच्या सहीचा नमुना असतो त्याच्याकडे.

"बस, काका," तू म्हणालास. "आमाले त्या भाषेले एवढंच शिकवाचं हाय."

बाबा तुझ्या मातीला आले होते, तेव्हा परतताना गाडीत हीच आठवण त्यांनी काढली.

प्रस्तावात तीन फंक्शनं होती, म्हणजे भाषेनंच करून द्यायची तीन तयार कामं. पहिलं सर्टिफिकेटचा ठसा काढून देणारं, म्हणजे दोन सर्टिफिकेटं एकच आहेत की वेगळी, हे लगेच कळावं. दुसरं, नव्या सर्टिफिकेटसाठी आलेल्या अर्जातून त्या यंत्राची चावी, म्हणजे गेटवरच्या माणसाकडे असतो तसा सही पडताळायचा नमुना, वेगळी काढून देणारं. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: सर्टिफिकेटवरची सही आपण समजतो त्याच चावीनं झाली आहे का, हे तपासणारं. पहिल्या दोन्हींवरून आपलं कधी वाजलं नाही. तिसऱ्यावरून मात्र आपण शेवटपर्यंत भांडत राहिलो.

त्या भाषेतली जुनी रीत अशी की असं तपासणारं फंक्शन सही बरोबर असेल तर एक देतं, चूक असेल तर शून्य, आणि काही कारणानं तपासताच आलं नाही तर उणे एक. आता त्या भाषेत शून्य सोडून कोणताही आकडा 'होय' धरला जातो. घाईत लिहिणाऱ्यानं नुसतं 'बरोबर आहे का' असं विचारलं, तर 'तपासता आलं नाही' हेसुद्धा 'होय' ठरतं आणि खोटं ओळखपत्र आरामात आत जातं. तुझं म्हणणं होतं, आपल्या फंक्शननं उणे एक कधीच द्यायचा नाही. तपासता आलं नाही तर चूक दाखवून प्रोग्राम तिथंच थांबवायचा.

माझं म्हणणं वेगळं होतं. शेजारची सगळी फंक्शनं एका रीतीनं वागतात, मग आपलं एकच वेगळं वागलं तर लोक गोंधळतील आणि गोंधळातूनही चुका होतात. शिवाय केंद्रावर रांग असते. एक खराब फाइल आली म्हणून अख्खा प्रोग्राम बंद पडला, तर मजुरी बुडवून आलेली बाई दिवसभर तिथं ताटकळते. मी हे म्हटलं की तुला राग यायचा.

"ताटकळू दे ना मंग," तू एकदा फोनवर म्हणालास. "मालूम नाही त मालूम नाही मनाव. मालूम नसताना हो काहून म्हणाचं?"

मला अजूनही वाटतं की माझं अगदीच चुकीचं नव्हतं. तू असतास तर आत्ताही हे वाचून फोन केला असतास.

आणखी एक सांगायचं राहून गेलं आहे. माझं लग्न होऊन मी साकोलीला आले, मुलगी झाली, आणि मी काम सोडल्यातच जमा होते. लॅपटॉप कपाटात गेला होता. तेव्हा तुझा फोन आला की प्रस्तावाचा मजकूर इंग्रजीत लिहायचा आहे आणि तुला इंग्रजी नीट लिहिता येत नाही, तेव्हा मीच लिहावा. मी मुलीला मांडीवर घेऊन लिहिलं. रोज थोडं थोडं. लिहिता लिहिता कोड वाचायला लागले, कोड वाचता वाचता चुका दिसायला लागल्या, आणि बघता बघता मी पुन्हा कामात होते. पुढे मेलिंग लिस्टवरचे तुझे जुने ईमेल चाळताना पाहिलं, तर तुझं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. मी कधी तुला विचारलं नाही. तू कधी बोलला नाहीस. आता थँक्यू म्हणायची सोय राहिली नाही म्हणून म्हणते आहे.

आणि हाच तू, स्वतःसाठी कुणाकडून काही घ्यायची वेळ आली की दगड व्हायचास. सिकलसेल तुला जन्मापासून होता. आपल्या भागात या आजाराचं नाव कुणाला सांगावं लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, मधूनमधून रक्त चढवावं लागतं. नागपूरला कॉलेजात वर्कशॉपच्या सरांनी तुला लोखंड घासायच्या कामातून सूट दिली होती. तू ती घेतली नाहीस. सगळ्यांबरोबर घासलंस आणि पुढचा आठवडा होस्टेलच्या खाटेवर तळमळत काढलास. तुझ्या गावच्या, अड्याळच्या बसमध्ये कुणी ओळखीचं उठून जागा द्यायला लागलं की तू मुद्दाम दाराजवळ जाऊन उभा राहायचास. नागपुरातली नोकरी झेपेना म्हणून तू परत आलास, तेव्हाही ऑफिसात सांगितलंस की गावाकडे करमतं म्हणून आलो.

लिस्टवर तर तू कुणालाच काही कळू दिलं नाहीस. तिथं एक जुना माणूस होता, त्या भाषेचा हा भाग वर्षानुवर्षं सांभाळणारा. कुठल्याशा दूरच्या थंड देशात राहतो. तो तुझ्या प्रत्येक ओळीवर खूण करून पाठवायचा, म्हणून आपण त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं होतं. तुला दवाखान्यात भरती केलं आणि तू काही आठवडे गप्प राहिलास, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर लिहिलं की प्रस्तावाबद्दल गंभीर नसाल तर तो मागे घ्या, आमचा वेळ घेऊ नका.

ते मी तुला भंडाऱ्याच्या वॉर्डात वाचून दाखवलं. तुझ्या एका हातात सुई होती, वर रक्ताची पिशवी. मला वाटलं तुला लागेल. पण तुझ्या चेहऱ्यावर हसू होतं, मनापासूनचं.

"पाह्य कसा झापला मले," तू म्हणालास. "अशा आवाजात मले कोणी बोलत नाही. सारे हळूच बोलतात."

मी मास्तरांना खरं कळवते म्हटलं तर तू माझा हात धरलास. म्हणालास, कळवशील तर प्रस्ताव मागे घेईन. "मले त्यायची दया नाही पाहिजे. उत्तर पाहिजे." घरी परतल्यावर तू मास्तरांना एकच वाक्य लिहिलंस की मधले काही आठवडे मी बाहेर होतो, आणि खाली त्यांच्या एकूण एक मुद्द्याला उत्तर.

त्या हिवाळ्यात तू बरा होतास. घरात नेटवर्क नाही म्हणून दुपारी लॅपटॉप घेऊन तलावाच्या पाळीवर उन्हात बसायचास. मी एकदा आले होते तेव्हा खाली तुझे काका आणि चुलतभाऊ जाळं ओढत होते. तू मला तिसऱ्या फंक्शनच्या चाचण्या दाखवत होतास आणि मधेच काकांना हाक मारून डावीकडचा कोपरा सुटतो आहे म्हणून सांगत होतास. परत निघताना तुझ्या आईनं मला मासोळ्या बांधून दिल्या. प्रस्ताव मतदानाला जायला थोडंच काम उरलं होतं.

मग ताप आला. आधी साधाच वाटला. नंतर छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना, आणि तुला पुन्हा भंडाऱ्याला नेलं. मी साकोलीहून आले तेव्हा तू जागा होतास. पहिलं विचारलंस ते मास्तरांनी काही लिहिलं का.

लिहिलं होतं. त्यांची शंका मी तुला सांगितली. सही एका पद्धतीची असेल आणि तपासायला दिलेली चावी दुसऱ्याच पद्धतीची असेल, तर तुमचं फंक्शन काय करणार? ही सही या चावीची नाही हे तर उघड आहे, म्हणून 'नाही' म्हणणार, की तपासताच येत नाही म्हणून थांबणार? तुमच्या मजकुरावरून दोन्ही अर्थ निघतात.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली.

"त्याचं बरोबर हाय," तू म्हणालास. "तेथं मी चुकलो."

मी विचारलं, मग काय लिहू. तू हातानंच थांब म्हणालास. विचार करू दे. तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि त्यांनी ऑक्सिजनचा मास्क लावला. मी बाहेर येऊन बाकावर बसले. त्यानंतर तू जे काही थोडं बोललास ते आईशी, पाणी मागण्यापुरतं. तुझं उत्तर काय ठरलं होतं, काही ठरलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. लोक विचारतात, शेवटी काही बोलला का. काय सांगू? एका चावीचं सांगायचं राहिलं, असं सांगितलं तर कुणाला कळेल?

तर आता, तू गेल्यानंतरचं.

माझा ईमेल गेल्यावर लिस्टवर माणसं लिहायला लागली. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं असेही. मास्तरांनी मला वेगळं लिहून विचारलं की काय झालं होतं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, वॉर्डातलंही. तू मला गप्प राहायला बजावलं होतंस, ते मी तेवढ्यापुरतं मोडलं. त्यांचं उत्तर आलं ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला हे माहीत नव्हतं, मी त्याच्याशी असं बोलायला नको होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी लिस्टवर सगळ्यांसमोर जाहीर केलं की मी माझी शंका मागे घेतो, तिन्ही फंक्शनं त्यानं लिहिली तशीच मंजूर करू, उरलंसुरलं नंतर पाहता येईल, त्याच्यासाठी आपण एवढं तरी करू शकतो. खाली एकामागून एक लोकांनी होकार दिला.

माझे मिस्टर म्हणाले, चांगली माणसं आहेत. होतीच चांगली. एक शब्द न बोलता मी गप्प बसले असते, तर तुझं तिसरं फंक्शन त्या भाषेत गेलं असतं.

पण मला तुझा चेहरा दिसत होता, त्या रक्ताच्या पिशवीखाली हसणारा. मी दोन दिवस ते सगळे होकार पुन्हा पुन्हा वाचले. मग लिस्टवर लिहिलं की आजार असतानाही रोशननं तुम्हाला तो कळू दिला नाही, कारण त्याला सवलत नको होती, उत्तर हवं होतं. तुमची शंका बरोबर आहे असं तो स्वतः शेवटच्या दिवसांत मला म्हणाला होता. ती मागे घेऊ नका. ज्यांना मत द्यायचं आहे त्यांनी फंक्शन पाहून द्यावं.

मास्तरांचं एका ओळीचं उत्तर आलं. समजलं, शंका कायम. आणि त्याखाली पूर्वीसारखाच लांबलचक मजकूर, प्रत्येक ओळीवर खूण.

मला जमलं ते मी केलं. तुझा मजकूर बदलला नाही. तपासता आलं नाही तर थांबायचं, हे तसंच ठेवलं आणि माझं मत बाजूला ठेवून त्याची बाजू मांडली. त्या विधवा बाईच्या अर्जाची गोष्टही सांगितली, नावगाव न घेता. पण मास्तरांच्या त्या एका शंकेला तुझ्या नावानं काय उत्तर द्यायचं? मला सुचलेलं तुझ्या तोंडी घालायला मन धजेना. मी लिहिलं की लेखकानं यावर निर्णय केला नव्हता. खरं तेच लिहिलं.

मतदान झालं. पहिली दोन फंक्शनं मंजूर झाली. पुढच्या आवृत्तीत ती येतील, जगात कुठंही कुणीही वापरील. तिसऱ्याला लागतील तेवढी मतं पडली नाहीत. अर्धवट आहे, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. मास्तरांनीही विरोधात मत दिलं आणि का दिलं ते सविस्तर लिहिलं. त्यांचा तो नकार तुला आवडला असता. मला आवडला नाही.

त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे, रोशन. मी तुझा मान राखला की तुझं काम बुडवलं? तुझ्याच शब्दाखातर मी तुझंच फंक्शन पाडलं. उद्या कुठंतरी कुणीतरी घाईत चार ओळी लिहील, उणे एकला 'होय' समजेल, आणि कुणाचे तरी कागद भलत्याच ठिकाणी जातील. ते थांबलं असतं.

होळी झाल्यावर मी अड्याळला गेले. अंगणात सुपात मोहफुलं वाळत होती. मावशी, म्हणजे तुझी आई, दाराशी मासोळ्या साफ करत बसली होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. पोराचं काम कुठवर आलं, असं तिनंच विचारलं. मी सांगितलं की दोन कामं पास झाली, एक राहिलं. का राहिलं, हेही तिनं विचारलं, आणि मला वाटलं तिला तरी सगळं सांगावं. म्हणून सांगितलं, त्या लोकांनी कसं देऊ केलं होतं आणि मी कसं नको म्हटलं.

तिचा हात थांबला.

"लोकं देत होते, आन् तू नाही मनलीस?"

मी म्हटलं, त्याला आवडलं नसतं, मावशी.

"त्याले त कायीच आवडे नाही," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. दोन मासोळ्या साफ करून झाल्या. मग मान खाली घालूनच बोलायला लागली. "मी त घेतलं असतं, बाई. मी सारंच घेतलं. लहान होता तवा शाळेतला सर त्याले सायकलीवर घेऊन जाये, मी नाही मनलं का? आन् रक्त कोनाचं होतं त्याच्या अंगात? भंडाऱ्याचं, तुमसरचं, कोनाकोनाचं. कोनाचं नाव पुसलं का त्यानं? लोकायनं देल्लं मनून त एवढा जगला. त्याले मालूम नव्हतं का? होतं मालूम. बोले नाही, तेवढंच."

ती रागावली नव्हती. माझं चुकलं असंही ती म्हणाली नाही. तिनं पाण्यानं हात धुतले आणि चहा ठेवायला आत गेली. मी तिथंच बसून राहिले. किती वर्षं तुझ्या बाजूला उभी होते मी, त्या पिशवीकडे पाहत होते, आणि ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती. तू म्हणायचास ते मी ऐकत आले. तुझ्या घरात तुझं 'नको' ऐकूनही तुझ्यासाठी घेणारं एक माणूस होतं, म्हणून तुला 'नको' म्हणता आलं.

तरीही सांगते, मावशीचं ऐकून मला लगेच पटलं असं नाही. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी मनातल्या मनात वाद घालत होते, आणि तुझ्याशीही. साकोली येईपर्यंत त्यातलं एकही भांडण मिटलं नाही. पण घरी येऊन मी लॅपटॉप उघडला.

तिसऱ्या फंक्शनचा प्रस्ताव पुन्हा मांडते आहे. या वेळी त्या एकट्याचाच, बाकी दोन्हींशिवाय. मास्तरांना लिहिलं की चावीच्या त्या शंकेवर मला वाट सापडत नाही, मदत कराल का. त्यांचं लगेच उत्तर आलं, करीन, मजकूर पाठवा. हा होकार त्यांनी कामाखातर दिला की तुझ्याखातर, हे मी विचारलं नाही. घेतला.

नव्या मसुद्यावर लेखक म्हणून तुझं नाव पहिलं आहे, माझं दुसरं. तपासता आलं नाही तर थांबायचं की जुन्या रीतीनं जायचं, त्या जागी आधी तुझी बाजू लिहिली आहे, जितक्या जोरात तू मांडली असतीस तितक्या जोरात. मग माझी. दोन्हींवर लोक वेगवेगळं मत देतील. आणि त्याखाली मी एक ओळ घातली आहे, इंग्रजीत, पण तुला मराठीत सांगते: या मुद्द्यावर दोन्ही लेखकांचं अजून एकमत झालेलं नाही.

शुभांगी